पिशवीचा घास

दाराबाहेर चपलांचे तेरा जोड होते आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बायका बारा, माझ्यासकट.

मी पुन्हा मोजलं. मग बायका मोजायचं सोडून चपला बघायला लागले, कारण चपला हलत नाहीत. शेवटचा जोड निळ्या पट्ट्यांचा होता. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि दोऱ्यानं शिवलेला होता. दोरा आमच्या कामाचाच, जाड, पांढरा, दोनपदरी.

"कन्नियम्मा कुठंय?" मी विचारलं.

कोणीतरी म्हणालं, घरी गेली असेल.

"अनवाणी?" सेल्वी म्हणाली.

ऑगस्टमधली दुपार होती, पावणेतीनचा सुमार. वेस्ट मांबलमच्या डांबरी रस्त्यावर त्या वेळेला कुत्रंसुद्धा चालत नाही. दाराच्या फटींवर मी माझ्या हातानं वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या होत्या, त्याला तास होऊन गेला होता. खळ वाळली होती. आत तीन ताटल्यांमध्ये धान्याच्या गोदामात ठेवतात त्या विषारी गोळ्या होत्या. त्यांचा हवेत वायू होतो आणि बंद खोलीत जे जिवंत असेल ते मरतं. त्यासाठीच त्या बनवतात.

किल्ली माझ्या कनवटीला होती. कुलूप मीच लावलं होतं. लावण्याआधी दारातून हाक मारली होती, "आत कोणी आहे का?" दोनदा मारली. दोन्ही वेळा उत्तर आलं नाही.

कन्नियम्मा ठार बहिरी होती. हे मला सहा वर्षं माहीत होतं.

*

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मंडळींनी मला सांगितलं आहे, "आजी, तुम्ही बायकांना रोजगार मिळवून दिलात त्यावर लिहा." मी कोणाला काही मिळवून दिलं नाही. मला हातानं शिवता येत होतं, त्या बायकांना मशीन चालवता येत होतं आणि एका मॅडमना जुन्या कपड्यांच्या पिशव्या विकता येत होत्या. तिन्ही गोष्टी एका खोलीत आल्या. एवढंच झालं.

माझी शाळा चौथीपर्यंत. गाव सातारा जिल्ह्यात. नवरा रेल्वेत फिटर, म्हणून मद्रासला आले. तो निवृत्त झाला आणि वर्षभरात वारला. मुलगी लग्न करून बडोद्याला. मी वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत राहिले, कारण गावात आता माझं कोणी नव्हतं आणि इथल्या भाजीवाल्याशी माझं भांडण तीस वर्षांचं जुनं होतं. ते टाकून जाववत नव्हतं.

दुपारी करायला काही नसे, म्हणून वाकळ शिवत बसायची. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून धावदोरा घालायचा. एकदा ती कठड्यावर वाळत घातली होती. खालून जाणाऱ्या एका बाईंनी वर येऊन विचारलं, विकणार का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, शिकवणार का. याच त्या मॅडम. त्यांची छोटी संस्था होती. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते त्यांना आवडणार नाही.

काम काय होतं ते सांगते. घराघरांतून जुन्या साड्या, धोतरं, चादरी यायच्या. शिंप्यांकडून कातरण यायचं. नवं कापड सगळं सारखं असतं. जुनं कापड प्रत्येक वेगळं खोटं बोलतं. साडी घडी घातलेली छान दिसते, पण बसायच्या जागी ती जाळी झालेली असते आणि निऱ्यांच्या खालच्या काठाला दम नसतो. पदर चांगला असतो, कारण पदर दाखवायचा असतो. म्हणून साडी आली की आधी खिडकीसमोर धरायची. उजेड जिथून जास्त येईल तिथं कात्री. मग एक दोरा ओढून पेटवायचा. राख झाली तर सुती, गोळी झाली तर नायलॉन. नायलॉन बाजूला. त्याची पिशवी होते, पण हाताला घाम येतो.

मग तीन थर लावायचे, वर साडी, मध्ये चिंध्या, खाली चादर. धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, बाहेरून आत गोल गोल. एका पिशवीच्या कापडाला दोन दिवस लागायचे. ते तयार झालं की सेल्वी मशीनवर बाजू जोडायची. खालचा एक कोपरा बोटभर उघडा ठेवायचा आणि तो शेवटी हातानं बंद करायचा.

सेल्वीबद्दल सांगते. तिशीची, बारीक, जिभेला धार. नवरा तांदळाच्या मंडीत हमाल. एक्सपोर्टच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवून शिवून कंटाळली आणि आमच्याकडे आली. दिवसातून शंभरदा म्हणायची, "अक्का, हे हाताचं काम म्हणजे वेळ मारायचं काम." आणि हाताचं काम माझ्याखालोखाल चांगलं करायची.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांना खोल्या भाड्यानं देतात त्या इमारतीत, तीस वर्षं एका खोलीत राहिलेले एक ब्रह्मचारी गृहस्थ सात जुन्या लुंग्या घेऊन आले. त्यांना सातही लुंग्या दिसतील अशी एक पिशवी हवी होती. रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे आणि शिवण बघायचे.

"पट्टे सरळ नाहीत," ते म्हणायचे.

"तुम्हीही सरळ बसलेले नाही, सर," सेल्वी म्हणायची. "स्टूल हलवून बघा, पट्टे सरळ दिसतील."

ते खरंच स्टूल हलवायचे.

दुसरी एक बाई सासूची रेशमी साडी घेऊन आली. सासू जाऊन महिना झाला होता. साडी भारी होती, काठ हातभर. मी विचारलं, पिशवी कशाला हवी, त्याप्रमाणे मोठी-लहान करू. ती म्हणाली, "चपला दुरुस्तीला न्यायला." मी शिवली. इतकी सुंदर पिशवी मी आधी शिवली नव्हती. नंतर रस्त्यात एकदा भेटली तेव्हा तिच्या हातात ती होती आणि आत चपला होत्या. बाई समाधानी दिसत होती.

मेलेल्या बायकांच्या साड्या खूप यायच्या. घरचे सांगायचे नाहीत, पण कपाटात बरेच दिवस कोंडलेल्या साडीचा वास वेगळा असतो. बाकीच्या बायका हात लावायच्या नाहीत. कन्नियम्मा दोन्ही हातांनी उचलून आपल्या बाजूला ठेवायची.

ही कन्नियम्मा. पन्नाशीची, नवरा नाही, एक मुलगी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला. लहानपणी तापात कान गेले. बोलायची एक-दोन शब्द, तेही गरज असेल तरच. तिचं म्हणणं हातात होतं. खोलीच्या मागच्या भिंतीला जुन्या कपड्यांचे गठ्ठे माणूसभर उंच रचलेले असत. त्यांच्या मागं हातभर जागा होती आणि तिथं दुधी काचेची खिडकी. उजेड चांगला, म्हणून तीच तिची बसायची जागा.

*

आता चूक कुठं झाली ते.

माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं. शिकवण्यापुरतं नव्हतं. म्हणून मी पहिल्या दिवशी सांगितलं, "पार." म्हणजे बघा. बारा बायका माझे हात बघत बसल्या. सगळ्यांत बारकाईनं कन्नियम्मा, कारण तिला दुसरं काही करायचंच नव्हतं.

आमच्याकडे वाकळ शिवताना शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत थोडे दाणे सोडतात. त्याला घास म्हणतात. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं माझी आई म्हणायची. मी ते खरं मानते असं नाही. पण पन्नास वर्षं हातानं केलेली गोष्ट हात विचारून करत नाही. गावाकडे ज्वारी घालत. इथं मी तांदळाचे सात दाणे घातले. कशाला घालते ते कोणाला सांगितलं नाही, कारण घातले हेच माझ्या लक्षात आलं नाही.

कन्नियम्माच्या आलं. तिला वाटलं, दाणे हा कामाचाच भाग. दुसऱ्या दिवशी ती पदराच्या गाठीत घरून तांदूळ घेऊन आली आणि तिनं पहिला कोपरा बंद केला, सात दाणे मोजून. बाकीच्या बायका माझ्यापेक्षा तिच्याकडूनच जास्त शिकल्या, कारण ती सावकाश करायची. महिन्याभरात बाराजणी घरून तांदूळ आणायला लागल्या. रेशनचा.

मला हे कळलं तेव्हा थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. मला बरं वाटलं. माझ्या आईनं कधी मद्रास पाहिलं नाही आणि तिचा घास इथल्या बाराजणी घालत होत्या.

सहा वर्षं काही बिघडलं नाही. पिशवी आठवड्यात विकली जायची, घेणारी ती धुवायची, दाणे फुगून कुजून जायचे. मग परदेशातल्या एका दुकानानं एकदम चारशे पिशव्या मागितल्या. आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. चारशे होईपर्यंत तयार माल पोत्यांत भरून खोलीत ठेवला. चार महिने. दमट हवेत. प्रत्येक पिशवीत सात दाणे, रेशनचे.

तांदळात सोंडे कसे होतात हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. आम्ही तेराजणी होतो. एकीच्याही डोक्यात आलं नाही. डब्यातला तांदूळ तो तांदूळ. पिशवीतला तो घास.

*

जहाजावर चढवण्याआधी माल तपासायला एजंटाकडून माणूस आला. शुक्रवार होता. तिशीतला, पुण्याचा निघाला. मराठी ऐकून खूश झाला, आजी म्हणाला, पाण्याचा ग्लास घेतला. पांढरा कागद टेबलावर अंथरून त्यानं एक पिशवी त्यावर झटकली. कागदावरून एक सोंडा चालत निघाला.

"आजी, हे काय?"

"सोंडा."

"पिशवीत?"

"तांदळात. तांदूळ पिशवीत."

त्यानं खिशातून छोटी कात्री काढली आणि कोपरा उसवला. सात दाणे पडले, पोकळ, आणि मागून तीन सोंडे. सगळ्या बायका बघत होत्या. कन्नियम्मा गठ्ठ्याला टेकून उभी होती.

"तुम्ही तांदूळ मुद्दाम घालता?"

"हो."

"का?"

"पिशवी उपाशी राहू नये म्हणून."

त्यानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "हे मी इंग्रजीत कसं लिहू?"

"मी चौथी शिकलेय. ते तुम्ही बघा."

माणूस वाईट नव्हता. म्हणाला, अजून काही लिहीत नाही, सोमवारी सकाळी परत येतो. तेव्हा एक जरी किडा दिसला तर माल जाणार नाही आणि पुन्हा कोणी मागणार नाही. तो गेल्यावर मॅडमचा फोन आला. त्या रडत होत्या. मी त्यांना म्हटलं, रडून सोंडे जात नाहीत.

कोपरे उसवून दाणे काढले तरी भागणार नव्हतं. सोंडे कोपऱ्यात बसून राहिले नव्हते, तिन्ही थरांत फिरत होते. शनिवारी सकाळी गच्चीवर चारशे पिशव्या उन्हात टाकल्या. तांदळाला आपण तेच करतो. पण तांदूळ एकेरी पसरता येतो. या पिशव्या मी शिकवल्याप्रमाणे जाड होत्या. सोंडे उन्हाला कंटाळून मधल्या चिंध्यांत जाऊन बसले.

तेव्हा सेल्वी म्हणाली, "अक्का, मंडीत गोळी लावतात."

तिच्या नवऱ्यानं गोळ्या दिल्या आणि तिच्याजवळ निरोप दिला. खोली दोन दिवस बंद, फटी बुजवायच्या आणि आत माणूस नको. मी म्हटलं, कळतं मला. ठरवलं मी. सेल्वीनं सुचवलं असं नंतर ती स्वतः सगळ्यांना सांगायची, पण ठरवलं मी. मॅडमना विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर बायकांनी पिशव्या खाली आणल्या, खोलीत रचल्या. खिडकीच्या फटींवर सेल्वीनं बाहेरून कागद लावले होते. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, तोंडानं. ताटल्या ठेवल्या. दारात येऊन हाक मारली. गठ्ठ्यांमागं डोकवायला मला सात पावलं चालायला लागली असती.

*

कुलूप काढलं तेव्हा आतून कुजलेल्या मासळीसारखा वास आला. सेल्वीनं पदर पाण्यात बुडवून तोंडाला लावला आणि मला मागं ढकलून आत गेली. मी तिच्यामागं गेले. सत्तर किलोची बाई ओढायला एक माणूस पुरत नाही.

कन्नियम्मा तिच्या जागी बसलेली होती, गठ्ठ्याला टेकून. पुढं उलटी झालेली. हातात उसवायची सुई. आजूबाजूला तीस-चाळीस पिशव्या होत्या, सगळ्यांचे कोपरे उघडे. म्हणजे आम्ही गच्चीवरून पिशव्या आणत गोळ्यांची चर्चा करत होतो तेव्हा ही आत एकेक कोपरा उसवून दाणे काढत बसली होती. गोळ्यांचं तिला कोणी खुणेनं सांगितलं नव्हतं. तिनं शुक्रवारी एवढंच पाहिलं होतं की तिनं शिवलेल्या कोपऱ्यातून दाणे पडले आणि माझं तोंड उतरलं.

तिला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. डोळे उघडे होते. ओठ निळे. बाकीच्यांना मी रस्त्याच्या पलीकडं पिटाळलं. दार सताड उघडं ठेवलं.

रिक्षावाला थांबला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "गाडीत उलटी करणार नाही ना?"

"केली तर जिवंत आहे असं समज," सेल्वी म्हणाली. "नाही केली तर जोरात चालव."

त्यानं जोरात चालवली.

सरकारी हॉस्पिटलात पोचलो तेवढ्यात मॅडमचा फोन सेल्वीच्या मोबाइलवर आला, बायकांपैकी कोणीतरी त्यांना कळवलं होतं. सेल्वीनं तो माझ्या कानाला लावला. मॅडम म्हणाल्या, "हे बघा, तिनं काहीतरी शिळं खाल्लं असं सांगा. गोळीचं सांगितलंत तर पोलीस येतील, संस्था बंद होईल. बारा बायकांचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "तेरा." आणि फोन परत दिला.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. तमिळमध्ये विचारलं, "काय खाल्लं?"

"खाल्लं नाही. मी कोंडलं."

"काय?"

"गोळी लावली, दार लावलं, वरून कागद चिकटवला. ही आत होती. तास-सव्वा तास."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कुठली गोळी?"

सेल्वीनं रिकामी डबी पदरातून काढून टेबलावर ठेवली. ती घ्यायची आठवण माझ्यापेक्षा तिला राहिली. बाईंनी डबी वाचली आणि एकदम सगळे पळायला लागले. खाण्याचं सांगितलं असतं तर पोट धुवायला घेतलं असतं, तोवर इकडं हृदय बंद पडलं असतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "या विषाला उतारा नाही. ऑक्सिजन देऊ, सलाइन देऊ, हृदयाकडं बघत बसू. सोमवारपर्यंत टिकली तर टिकली."

पोलीस आला. वयस्क हवालदार, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाकावर माझ्या शेजारी बसून लिहायला लागला. पिशव्यांत किडे का झाले? तांदूळ होता. तांदूळ का होता? मी सांगितलं. मला वाटलं आता पेन थांबेल. थांबलं नाही.

"किती दाणे?" त्यानं विचारलं.

"सात."

त्यानं सात लिहिलं. मी खाली मराठीत सही केली. ती तो उलटी-सुलटी करून बघत राहिला. पुढं मला ठाण्यावर दोनदा बोलावलं आणि मग बोलावलं नाही.

कन्नियम्माची मुलगी गुम्मिडिपूंडीहून संध्याकाळी आली. कारखान्याचा गणवेश अंगावर तसाच. माझ्यापुढं उभी राहिली.

"अम्माला आत कोणी कोंडलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"नाही. मी हाक मारली होती."

ती म्हणाली, "अम्माला?"

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. रविवारचा पूर्ण दिवस आम्ही त्याच बाकावर होतो, ती त्या टोकाला, मी या. सेल्वी मध्ये, डोकं धरून. तिलाही त्या वायूनं दोन दिवस मळमळत होतं. दुपारी एकदा कन्नियम्माचं हृदय फार वेडंवाकडं चालायला लागलं आणि डॉक्टरीण बाई धावत आत गेल्या. दार लागलं. दाराबाहेर मी बसले. या वेळी किल्ली माझ्याकडं नव्हती.

मुलगी त्या दाराकडं बघत म्हणाली, "ती रोज तुमचं हाताचं सांगायची. घरी आली की हातानं करून दाखवायची. असं धरतात, असं ओढतात, असे दाणे."

मी म्हटलं, "दाणे मी शिकवले नाहीत."

"तिनं बघितले," मुलगी म्हणाली.

*

मालाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे शेवटपर्यंत पिशव्यांचाच विचार करतील. पुण्याचा तो माणूस सोमवारी आला, त्याला उघडी खोली दिसली आणि कोणीच दिसलं नाही. शेजाऱ्यांना विचारून तो हॉस्पिटलात आला. मला म्हणाला, "आजी, मी फक्त किड्यांचं बोललो होतो हो." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. ऑर्डर हातची गेली. मॅडमनी दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं केलं नाही, पण काम बंद केलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते. पाचजणी सोडून गेल्या. चारशे पिशव्या आम्ही उरलेल्यांनी पूर्ण उसवल्या, सगळे थर वेगळे केले, उकळत्या पाण्यातून काढले आणि पुन्हा शिवल्या. वर्ष गेलं. त्या इथंच चेन्नईत थोड्या थोड्या विकल्या.

घास बंद केला. नव्या कोणाला शिकवताना मी आता हातावर लक्ष ठेवते, स्वतःच्या. तरी कोपऱ्याशी आल्यावर बोटं एकदा रिकामीच चिमटीसारखी होतात. पिशव्या उपाशी जातात. गिऱ्हाइकांची तक्रार नाही.

आणि कोणतंही दार लावण्याआधी मी आत जाऊन बघते. न्हाणीघराचंसुद्धा. मुलगी बडोद्याहून आली की हसते.

*

सोमवारी सकाळी नर्स बाहेर आली आणि तिनं कन्नियम्माचे कपडे एका पिशवीत घालून मुलीच्या हातात दिले. शनिवारी उतरवून ठेवलेले. साडी बाहेर काढली तर पदराला मोठी गाठ होती, मुठीएवढी. मुलीला वाटलं पैसे असतील. गाठ घट्ट होती, तिला सुटेना. सेल्वीनं दातानं सोडवली.

आत तांदूळ होता. कन्नियम्मानं उसवलेल्या कोपऱ्यांतला, दाणा न् दाणा. टाकून दिला नव्हता, बांधून ठेवला होता. बहुतेक मला मोजून दाखवणार होती.

मुलीनं पदर बाकावर पसरला. दाणे जरा वेळ तसेच पडून राहिले. मग त्यांच्यातून सोंडे चालायला लागले, एक, मग चार, मग सगळीकडं, बाकाच्या कडेनं, भिंतीवर. नर्स मागं सरकली.

"यांना काय झालं नाही?" सेल्वी म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीण बाई दारात आल्या. म्हणाल्या, बाई उठून बसली आहे, हातानं अशी खूण करते आहे, याचा अर्थ काय. आणि त्यांनी दोन बोटांनी काहीतरी चिमटीत धरून खाली सोडल्याची खूण केली.

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "दाणे कुठं गेले विचारतेय. आहेत म्हणून सांगा."

त्या खोलीत शनिवारी सव्वा तास जे कोंडले गेले होते, ते सगळे जगले. कन्नियम्मा आणि सोंडे.